झील, री, फड, तुरा : आमच्या मुलखातल्या गाण्यांतले शब्द

वारणाकाठ :
मंडळी, ‘झील ओढणे’ या प्रयोगाबद्दल विचारायचं आहे, आणि त्या निमित्ताने आमच्याकडच्या गाण्यांबद्दल भरभरून बोलायचंही आहे.

बातम्यांत आणि भाषणांत हा प्रयोग आता एकाच अर्थाने येतो. ‘सभासदांनी अध्यक्षांची झील ओढली’ म्हणजे त्यांना स्वतःचं मत नव्हतं, पुढच्याने म्हटलं ते यांनी म्हटलं. ‘री ओढणे’चंही तेच. अर्थ रूढ आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या गाण्यातून हा शब्द बोलण्यात आला, त्या गाण्यात झील धरणारा, म्हणजे पुढच्या गाणाऱ्याची ओळ मागून उचलणारा, माणूस होयबा कधीच नव्हता. मी वाळवा तालुक्यातला. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, आमच्या रेठरे हरणाक्षचे. अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. लावणी आणि शाहिरीतली एवढी मोठी दोन माणसं एकाच तालुक्यात निपजली, त्यामुळे झील हा शब्द आमच्या कानावर आधी मानानेच पडतो. ‘त्याची झील कडक आहे’ ही आमच्याकडे तारीफ असते.

तुमच्या भागात हा शब्द चांगल्या अर्थाने वापरतात का? आणि झिलीशिवाय ज्याची कल्पनाच करवत नाही असं तुमच्या मुलखातलं आवडतं गाणं कोणतं?

घाटमाथा :
आमच्या वाई-साताऱ्याकडे शब्द आहे, पण आता गाणाऱ्यांपुरताच. पोवाड्यात शाहीर डफ घेऊन पुढे उभा असतो आणि मागे तुणतुणं, झांज घेऊन उभे असतात ते झीलकरी. तमाशात तुणतुणं धरणाऱ्याला सुरत्या म्हणतात. आवडतं गाणं विचाराल तर पसरणीच्या शाहीर साबळ्यांनी गायलेलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’. शब्द राजा बढ्यांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, पण ते गाणं आम्हाला आमचंच वाटतं ते त्या आवाजामुळे. 2023 साली ते राज्यगीत झालं तेव्हा वाई तालुक्यात सगळ्यांचा ऊर भरून आला. त्यात ‘गर्जा’नंतर मागचे आवाज उठतात, ती झीलच म्हणायची ना? आणि झील व री यांत फरक काय? मी दोन्ही एकच समजत आलो.

वारणाकाठ :
दादा, तिथे मागून येतो तो समूहस्वर, बांधून बसवलेला. झिलीचा जीव वेगळा असतो. गाणाऱ्याने ओळ कुठे सोडली, किती उंचावर सोडली, हे बघून ती त्या क्षणी उचलायची असते.

पोवाड्यातली एक ओळ जवळून ऐका. शाहीर शब्द भराभर टाकत जातो, ओळीच्या शेवटच्या अक्षराला येतो आणि तिथेच थांबतो. ते अक्षर खाली पडायच्या आत झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणत वरच्या पट्टीत उचलतात. तेवढ्यात शाहिराने दम घेतलेला असतो, पुढचा प्रसंग डोळ्यापुढे आणलेला असतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात आधीची ओळ मुरलेली असते. पट्टी उतरली तर ती सावरायची झीलकऱ्यानेच. शाहीर एखादा शब्द विसरला तर ‘जी जी’ थोडी लांबवून त्याला वेळ मिळवून द्यायचा, तोही त्यानेच. अशा माणसाच्या नावावर ‘स्वतःचं मत नसणे’ हा अर्थ चिकटावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता फरक. झील म्हणजे मागून म्हटलेली ओळ, पालुपद किंवा ‘जी जी’. री म्हणजे मागून लांबवलेला सूर, त्याला शब्द नसले तरी चालतं. म्हणून झील ‘धरतात’ही आणि ‘ओढतात’ही, री मात्र ‘ओढतात’च. बोलण्यात दोन्ही एकमेकांत मिसळले आहेत. आणि हिंदीतली झील, म्हणजे तळं, ती निराळी. हल्ली मुलं गोंधळतात म्हणून सांगितलं.

टाळकरी :
चांगल्या अर्थाचा दाखला हवा असेल तर तुकोबांकडे चला. ‘याति शूद्र वैश्य केला वेवसाव’ या अभंगात ते स्वतःची हकिगत सांगतात. कीर्तनाला सुरुवातीला चित्त लागत नव्हतं, मग काही संतवचनं विश्वासाने, आदराने पाठ केली, आणि पुढे म्हणतात :

गाती पुढें त्यांचें धरावें धृपद ।
भावें चित्त शुद्ध करोनियां ॥

पुढे जे गातात त्यांचं धृपद मागून धरायचं. म्हणजे शाहिरीच्या भाषेत झीलच. तुकोबा ती कमीपणाची गोष्ट म्हणून सांगत नाहीत, साधनेची पायरी म्हणून सांगतात. आमच्या दिंडीत आजही ‘धृपद धरा’ असंच म्हणतात, बोलताना ‘धुरपद’. ज्याला धरता येत नाही त्याच्या हाती वीणा देत नाहीत.

वारणाकाठ :
टाळकरीबुवा, हा दाखला माझ्या डोळ्यापुढे असूनही मी झिलीशी जोडला नव्हता. ‘धरावें’ हे क्रियापद बघा. ओढण्यात फरफट आहे, धरण्यात आधार आहे. गाण्यातलं ‘झील धरणे’ बोलण्यात आलं असतं तर कदाचित अर्थही सांभाळला गेला असता. बोलण्यात आलं ते ‘ओढणे’.

जाखडीवाला :
रत्नागिरीकडून नमस्कार. आमच्या जाखडीत नाचणारे गोल फिरतात आणि गाणारे मध्ये बसतात, ढोलकी-झांजा घेऊन. मागून उचलणाऱ्यांना आम्ही सरळ ‘कोरस’ म्हणतो, झील शब्द वयस्कर माणसांकडूनच ऐकू येतो. मात्र तुमच्याकडे ज्याला कलगी-तुरा म्हणतात त्याला आमच्याकडे शक्ती-तुरा म्हणतात. शक्तीवाले शक्तीला मोठं म्हणणार, तुरेवाले शिवाला. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातच उत्तर द्यायचं. सामना रात्रभर चालतो. आवडतं गाणं एक सांगता येणार नाही, कारण बरीच गाणी त्या रात्रीपुरतीच बांधलेली असतात. प्रश्न असा, की ‘फड सांभाळ तुऱ्याला ग आला’ मधला तुरा हाच का? आमचे तुरेवाले ते गाणं मोठ्या अभिमानाने आपलं म्हणतात.

वारणाकाठ :
वा, ह्याच गाण्याची वाट बघत होतो. गदिमांचे शब्द आणि सुलोचना चव्हाणांचा आवाज. गदिमा माडगूळचे, आटपाडी तालुक्यातले, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे. त्यांच्या दुष्काळी माणदेशात उसाचे फड कुठले! पण हे गाणं ऐकताना बांधावर उभं राहून लिहिल्यासारखं वाटतं.

त्या ओळीतला तुरा उसाचा. थंडीत उसाच्या शेंड्याला पांढरट करडा फुलोरा येतो, तो तुरा. तुरा आला की उसाची वाढ थांबते. मग तो जास्त दिवस उभा ठेवला तर आतून पोकळ पडत जातो, वजन घटतं, साखर उतरते. म्हणून ऊस तुऱ्याला आला की शेतकऱ्याची झोप उडते, तोड कधी मिळते याकडे डोळे लागतात. ‘सांभाळ’ या शब्दात ती सगळी घाई आहे. शहरात ऐकणाऱ्याला वयात आलेल्या मुलीला दिलेला इशारा तेवढा कळतो. उसाच्या मुलखात ऐकणाऱ्याला इशारा कळतोच, शिवाय वेळ निघून चालल्याचा जो धसका आहे तोही पोटात उतरतो. त्या ओळीची गोडी मला तिथे वाटते.

आणि ‘फड’. उसाचा उभा प्लॉट तो फड, ‘फडात तोड चालू आहे’ म्हणतात. तमाशाचा संच तोही फड, त्याचा मालक फडमालक. जत्रेत कुस्त्यांचा फड असतो, आणि बोलणाऱ्याने सभा जिंकली तर ‘फड मारला’. तुऱ्यालाही तसेच पदर : उसाचा, फेट्याचा, आणि तुमच्या शिवपक्षाचा. गदिमांसारखा कवी लावणीत ‘फड’ आणि ‘तुरा’ शेजारी शेजारी ठेवतो तेव्हा ढोलकीच्या फडावर बसलेल्या माणसाला हे सगळे पदर एकदम ऐकू येतात. तेव्हा तुमचे तुरेवाले ते गाणं आपलं म्हणतात त्यात वावगं काही नाही.

वऱ्हाडातली मुलगी :
आमच्याकडे खंजिरी भजनात मागचे लोक ओळ उचलतात, तुकडोजी महाराजांची भजनं तशीच ऐकत आले, त्यामुळे मुद्दा पटला. माझा प्रश्न अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना’बद्दल. काही जण ‘गावाकडं राहिली’ गातात, काही ‘गावावर राहिली’. बरोबर कोणतं? आणि ‘काहिली’ म्हणजे नुसती तगमग का?

वारणाकाठ :
ताई, ‘गावावर’. आमच्या बोलीत राहण्याच्या जागेला ‘वर’ लावतात : मळ्यावर राहतो, वस्तीवर झोपतो, तशी मैना गावावर राहिली. ‘गावाकडं’ म्हटलं की बोलणारा दूर शहरात उभा राहून बोट दाखवतो असं वाटतं. ‘गावावर’ म्हटलं की तो मनाने अजून तिथेच आहे. गाणारे बदलतात ते सोपं जावं म्हणून, पण माझा आग्रह ‘गावावर’चाच राहील. ‘माझ्या जिवाची होतिया काहिली’ या पुढच्या ओळीतलं ‘होतिया’ही तसंच ठेवायचं. त्याचं ‘होत आहे’ केलं की गाणं आमचं राहत नाही.

काहिली म्हणजे आतून भाजून निघणं. उन्हाची काहिली असते, तापाची असते, जिवाची असते. गुऱ्हाळावर रस उकळायच्या मोठ्या पसरट कढईला काहील म्हणतात. खाली चुलवाणात चिपाडाचा जाळ, वर काहिलीत आधी मळी येते, ती काढली की रस पिवळा पडत जातो, बुडबुडे मोठे व्हायला लागतात आणि गुळव्या काठावर उभा राहून नजर न हलवता बघत असतो. क्षणभर उशीर झाला तरी आदण करपलं. हे बघितलेल्या माणसाला ‘माझ्या जिवाची होतिया काहिली’ ऐकताना ती उकळी दिसते. तगमग हा शब्द त्यापुढे फार निवांत आहे.

हे गाणं माझं सगळ्यांत आवडतं, म्हणून थोडं जास्त लिहितो. रूप छक्कडीचं आहे. छक्कड म्हणजे लावणीतला चटकदार, उडत्या चालीचा प्रकार, फडात टाळ्या घेणारा. अण्णा भाऊंनी ते रूप घेतलं आणि त्यात पोटासाठी मुंबईला आलेला गडी उभा केला. पहिल्यांदा मैना म्हणजे त्याची बायको, लावणीत प्रेयसीला राघू-मैनेतली मैना म्हणतात तशी. तिचं रूप, तिचा निरोप, मग मुंबईतली श्रीमंती आणि गरिबी. आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राचा लढा येतो, बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावं येतात, तेव्हा कळतं की मागे राहिलेली मैना म्हणजे हा मुलूखसुद्धा. 1 मे 1960 ला राज्य झालं, मुंबई मिळाली, पण ही चारही ठिकाणं बाहेरच राहिली : दोन कर्नाटकात, दोन गुजरातेत. एक शब्द बदललेला नाही, चाल बदललेली नाही, आणि विरहाची छक्कड राजकीय गाणं होते. आमच्या तालुक्यातल्या माणसाने हे केलं, याचा मला फार अभिमान आहे.

अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी 1944 साली लाल बावटा कलापथक काढलं. त्या पथकाच्या शाहिरीत झील म्हणजे गिरणीतल्या कामगारांचाच आवाज. पुढचा एक बोलतो आणि मागून सगळे ‘जी जी’ म्हणतात, तेव्हा ते म्हणणं एकट्याचं राहत नाही. झील ओढण्याचा हा अर्थ कोशात कुणी तरी नोंदवायला हवा.

घाटमाथा :
पटलं. एक व्यवहारातलं विचारतो. मी आमच्या भागातल्या जुन्या शाहिरांचे पोवाडे ऐकून उतरवून ठेवतोय. ‘जी जी’ लिहायचं का? बरेच जण गाळतात, वाचताना अडथळा येतो म्हणून.

वारणाकाठ :
लिहा, नक्की लिहा. प्रत्येक ओळीला लिहायची गरज नाही. पहिल्या कडव्यात पूर्ण लिहा, पुढे झील जिथे बदलते तिथे नव्याने लिहा. ‘जी जी’च्या जागी पालुपद उचललं असेल तर तेही नोंदवा, आणि शाहीर कोणत्या अक्षरावर ओळ सोडतो त्याखाली खूण करा, म्हणजे पुढे कुणाला गायचं झालं तर झील कुठून उचलायची ते कळेल. झीलकऱ्यांची नावं मिळाली तर शाहिराच्या नावाखाली तीही टाका. रेकॉर्डवर आणि पुस्तकात ती सहसा नसतात.

टाळकरी :
आणि ‘धृपद’ लिहाल तिथे नुसतं ‘धृ.’ लिहून मोकळे होऊ नका. ओळ पूर्ण लिहा. नव्या पोराला ती अर्ध्या खुणेवरून धरता येत नाही.