मदत हवी आहे : केसरोपणाच्या संमतिपत्राबाबत

माझ्या धाकट्या भावाने एका खासगी क्लिनिकमध्ये केसरोपण करून घेतले. तपासणी डॉक्टरांनी केली, परंतु शस्त्रक्रियेच्या दिवशी ते फिरकलेच नाहीत आणि सारे काम तंत्रज्ञाने उरकले. इंग्रजी संमतिपत्रावर सही घेतली, तीही भूल देण्याच्या जरा आधी (याला संमती म्हणावे का?). वास्तविक समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती आवश्यक ठरवली आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणीनंतर ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. आम्हाला तीन आठवड्यांनंतरही मिळालेली नाहीत. ग्राहक आयोगाकडे जाण्यास दोन वर्षांची मुदत असते, तर आधी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करावी, की दोन्हीकडे एकाच वेळी? जाणकारांनी कृपया सांगावे.