बॅरिमोर खरंच वाईट माणूस आहे का?

'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही शेरलॉक होम्सची कादंबरी परत वाचतेय. शाळेत असताना त्यातला वाड्यावरचा बटलर बॅरिमोर म्हणजे पक्का खुनी वाटलेला, ती काळी दाढी, रात्री अनवाणी दबकत फिरणं, बायको रडली तरी ती रडलीच नाही असं साफ सांगणं. आता त्याचा रागच येत नाहीये, वाईट वाटतंय. मी उगाच सूट देतेय का त्याला?

धुकंवाला: उगाच नाही गं. मेणबत्ती खिडकीशी का धरतो तो? माळावर लपलेल्या मेव्हण्याला, जेवण तयार आहे ही खूण. आणि पकडल्यावर मालक सर हेन्री नोकरीवरून काढतो तरी हा तोंड उघडत नाही, कारण गुपित बायकोचं आहे. शेवटी शाल गुंडाळून ती बिचारी दारात येते आणि स्वतःच सांगते, भाऊ उपाशी मरतोय म्हणून. मला तर तिथे भरून आलं.

रातकिडा: पण तो मेव्हणा, सेल्डन, साधा चोर नव्हे, तुरुंगातून पळालेला, लंडनच्या नॉटिंग हिलचा खुनी आहे! आसपास एकटीदुकटी घरं आहेत, त्यांचं काय? माया खरी असेल पण ती शेजाऱ्यांच्या जिवावर, हे मला नाही पटत.

जुनी_पानं: दोघांचंही पटतंय. मला कपड्यांचं जास्त लागतं. सर हेन्रीने दिलेले जुने कपडे बॅरिमोर मायेने मेव्हण्याला देतो, आणि त्याच वासावर, सर हेन्रीला मारायला सोडलेला कुत्रा सेल्डनच्या मागे लागतो. आणि आधीचे मालक सर चार्ल्स यांना एका बाईने लिहिलेलं, एल. एल. सहीचं जळकं पत्र आठवा, बॅरिमोर आधी त्याबद्दल गप्प बसला ते मेलेल्या मालकाच्या अब्रूसाठी, सांगितलं ते सर हेन्री चांगलं वागला म्हणून.