मदत हवी आहे: पीसीआय एक्सप्रेस कार्डाचा रिसेट ड्रायव्हरने करायचा की कर्नलने?

नमस्कार मंडळी. चार दिवस एकाच ठिकाणी अडकलोय. टेस्ट रिगवरची कंपनं मोजणाऱ्या एका एफपीजीए (आतलं लॉजिक आपण ठरवू शकतो अशी चिप) कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर लिहितोय, कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.१. कार्ड अधूनमधून डीएमए (प्रोसेसरशिवाय थेट मेमरीत डेटा टाकणं) करता करता गप्प होतं, म्हणून ड्रायव्हरमध्ये वॉचडॉग (पहारा ठेवणारा टायमर) ठेवलाय. दोन सेकंदांत नवा डेटा आला नाही, तर रिसेट.

आधी मी रिसेट स्वतःच करत होतो. कार्डाच्या कंट्रोल रजिस्टरमध्ये रिसेटचा बिट आहे, तो लावायचा. पण त्यानंतर कार्डाचं कुठलंही रजिस्टर वाचलं तरी सगळे बिट १ येतात. एलएसपीसीआय (पीसीआय कार्डांची यादी देणारी आज्ञा) मध्ये कार्ड दिसतं, पण सेटपीसीआय (कॉन्फिगरेशन वाचणारी आज्ञा) ने कमांड रजिस्टर, म्हणजे कार्डाचा मेमरी प्रवेश आणि डीएमए चालू-बंद करणारं रजिस्टर, वाचलं तर ००००. म्हणजे त्या बिटाने पीसीआयचं कॉन्फिगरेशनही पुसलं गेलं आणि कर्नलला त्याचा पत्ताच नाही.

मग ते काम कर्नलकडे दिलं, वॉचडॉगच्या वर्करमधून (पाठीमागे चालणाऱ्या कामातून) कर्नलचं पीसीआय_रिसेट_फंक्शन बोलावलं. आता मशीन अडकतं आणि १२० सेकंदांनी लॉगमध्ये हंग टास्क (काम अडकल्याचा इशारा). स्टॅक ट्रेसमध्ये माझंच रिसेट_प्रिपेअर (रिसेटआधी कर्नल बोलावतो ते ड्रायव्हरचं फंक्शन) म्युटेक्सची (एका वेळी एकालाच मिळणाऱ्या कुलपाची) वाट बघत बसलेलं. कारण कळलं: वर्करने म्युटेक्स घेतलेला, आणि कर्नल रिसेट_प्रिपेअर त्याच थ्रेडमध्ये बोलावतो. म्युटेक्स आधी सोडला, तर ते सुटलं, पण आता आरएमएमॉड (ड्रायव्हर कर्नलमधून काढण्याची आज्ञा) करताना कधीकधी तसाच हँग होतो. म्हणजे माझी वाटणीच कुठेतरी चुकतेय. कुणाचं काम कुठे संपतं, हे कृपया कुणी समजावून सांगाल का?

उत्तर

तुमचा आरएमएमॉडचा हँग आधी सोडवू. रिमूव्ह (ड्रायव्हर काढताना बोलावलं जाणारं तुमचं फंक्शन) चालू असताना कर्नलच्या ड्रायव्हर कोरने त्या कार्डाचा डिव्हाइस लॉक धरलेला असतो. त्यात तुम्ही वर्कर संपायची वाट बघता, आणि वर्कर पीसीआय_रिसेट_फंक्शनमध्ये त्याच लॉकसाठी थांबलेला. दोघंही एकमेकांसाठी ताटकळत. वर्करमध्ये पीसीआय_ट्राय_रिसेट_फंक्शन वापरा. लॉक मिळाला नाही तर ते ईअगेन («नंतर पुन्हा करा» असा एरर कोड) देऊन लगेच परत येतं. तेव्हा डिलेड वर्क (थोड्या वेळाने चालणारं काम) पुन्हा रांगेत लावा, आणि रिमूव्हमध्ये ते रद्द करून संपेपर्यंत थांबणारं कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक बोलवा.

आता वाटणी. कर्नलला फक्त कॉन्फिगरेशन स्पेस कळते: बार (कार्डाची रजिस्टरं मेमरीत कुठे दिसतात ते पत्ते), कमांड रजिस्टर, एमएसआय-एक्स (इंटरप्टची मांडणी). रिसेटआधी तो ते जपतो, नंतर परत लिहितो. तुमच्या डीएमए रिंगचे (डेटाच्या गोल रांगेचे) पत्ते, सॅम्पलिंगचा दर, बारमधला इंटरप्ट मास्क हे त्याला कसं कळणार? म्हणून रिसेट_प्रिपेअरमध्ये डीएमए थांबवा, रांगा रिकाम्या करा, आणि रिसेट_डनमध्ये (रिसेटनंतर कर्नल बोलावतो ते फंक्शन) प्रोबमधलं (ड्रायव्हर कार्डाला जोडताना चालतं ते फंक्शन) हार्डवेअर चालू करण्याचं तेच फंक्शन पुन्हा बोलवा. वॉचडॉगमध्ये वेगळं काहीच लिहू नका. उद्या कुणी सिसएफएसमधल्या (कर्नल डिव्हाइसं फाईलींसारखी दाखवतो त्या जागेतल्या) रिसेट फाईलमध्ये १ लिहिला, तरी हाच रस्ता चालला पाहिजे.

स्वतःचा रिसेट बिट ठेवणं गैर नाही. एनव्हीएमईचा (एसएसडी डिस्कचा) ड्रायव्हर कंट्रोलर एनेबलचा बिट खाली करून स्वतःच रिसेट करतो, पण त्या बिटाने पीसीआयचं कॉन्फिगरेशन जात नाही. तुमच्या एफपीजीएवाल्यांना सांगा, तो बिट फक्त डेटाच्या लॉजिकला जोडा, पीसीआयच्या कोअरला नको.

विचारणारे

खूप आभारी आहे, हे आठवडाभर शोधूनही इतकं स्पष्ट मिळालं नसतं. एक शंका राहिली. एईआरच्या (पीसीआय एक्सप्रेसवरच्या चुका कळवून सावरण्याच्या यंत्रणेच्या) वाटेने रिसेट झाला, तर स्लॉट_रिसेटमध्येही (त्या वाटेवर रिसेटनंतर बोलावलं जाणारं ड्रायव्हरचं फंक्शन) कॉन्फिगरेशन आपोआप परत येतं का?

उत्तर

नाही, आणि इथे बरेच जण फसतात. तुमच्या कर्नलमध्ये त्या वाटेवर पीसीआय_रिस्टोअर_स्टेट (जपलेलं कॉन्फिगरेशन परत लिहिणारं फंक्शन) ड्रायव्हरनेच बोलवायचं. त्याआधी कधीतरी पीसीआय_सेव्ह_स्टेट झालेलं हवं, म्हणून प्रोबच्या शेवटी ते करा. जपलेलं काही नसेल तर रिस्टोअर गुपचूप काहीच न करता परत येतं. आणि एकदा रिस्टोअर झालं की जपल्याची खूण पुसली जाते, म्हणून लगेच पुन्हा सेव्ह करायला विसरू नका. दोन्ही वाटांना एकच नियम असायला हवा होता असं माझं ठाम मत आहे, पण ६.१ वर असंच आहे.

विचारणारे

केलं. काल रात्री वॉचडॉग मुद्दाम पेटवत आरएमएमॉड आणि इन्समॉडचा (ड्रायव्हर काढणं आणि पुन्हा घालणं) लूप लावून ठेवला, सकाळपर्यंत एकही हँग नाही. फक्त लॉगमध्ये दरवेळी «नॉट रेडी १०२३एमएस आफ्टर एफएलआर, वेटिंग» येतंय, आणि मग कार्ड जागं होतं. एफएलआर (फंक्शन लेव्हल रिसेट, म्हणजे फक्त त्या कार्डाच्या फंक्शनचा रिसेट) १०० मिलिसेकंदांत आटोपायला हवा, आमच्या कार्डाला सेकंदाच्या वर लागतोय. हा लॉग घेऊन आता एफपीजीएच्या टीमकडे निघालोय, आणि तो रिसेट बिटही त्यांच्याच यादीत टाकतो.