मदत हवी आहे: बोटीने बेटांवर पोहायला जायचंय, आई सोबत आहे

मंडळी, गाईडसोबत छोट्या बोटीने किनाऱ्याजवळच्या बेटांवर जायचा प्लॅन आहे, घाईगडबड अजिबात नको, दोन-तीन ठिकाणी बोट थांबवायची, निवांत पोहायचं आणि परत. मला पोहता येतं पण ते तलावातलं, आईला येत नाही तरी तिला पाण्यात उतरायचंच आहे आणि मला तिची ही हौस मनापासून पुरवायची आहे.

तारीख ठरवताना अमावस्या-पौर्णिमेचे दिवस टाळतोय, कारण उधाणाच्या भरतीला दोन बेटांमधल्या चिंचोळ्या भागात ओढ जास्त असते. पण भरती-ओहोटी पालटताना पाणी जरा शांत होतं ना, ती वेळ साधून गाईड थांबे ठरवतात का, की हे आपणच आधी विचारून घ्यायचं? बुकिंग करताना नेमकं काय विचारू?

सगळ्यात मोठी काळजी म्हणजे परत बोटीत चढणं. आईचे गुडघे दुखतात, आणि शिडीची खालची पायरी पाण्यात नीट खोल गेलेली नसेल तर तिला चढताच येणार नाही. अशा वेळी थेट वाळूवर बोट लावणारे बघावेत का? लाईफ जॅकेट पाण्यात उतरल्यावर वर सरकतं म्हणून मांड्यांमधून पट्टा असलेलं घ्यायचंय, ते सहसा बोटीवर मिळतं का?

बोट लागण्यावर गोळी निघायच्या आधी घेणार आहोत, आईची बीपीची औषधं चालू आहेत म्हणून डॉक्टरांना विचारूनच. ज्येष्ठांना घेऊन असं कोणी गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.