लास वेगसहून एका दिवसात अँटिलोप कॅन्यन: आई-बाबांना बसने न्यावे की पेजला मुक्काम करावा?

धागाकर्ती (सॅन होजे)

माझे मत सुरुवातीलाच स्पष्टपणे मांडते. लास वेगसहून पहाटे निघून रात्री परत आणणाऱ्या बस-सहलीने अँटिलोप कॅन्यन ही वालुकाश्मातली अरुंद घळ पाहू नये, आणि भारतातून आलेल्या आई-वडिलांना तर तसे मुळीच नेऊ नये. ॲरिझोना राज्यातील पेज या गावी एक रात्र मुक्काम करावा आणि मगच ती घळ पाहावी.

गेल्या वर्षी जून महिन्यात मी आई-बाबांना अशाच सहलीने नेले. आई सहासष्ट वर्षांची आहे, बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. वेगस ते पेज हे अंतर सुमारे ४४० किलोमीटर आहे; कुठेही न थांबता गेले तरी साडेचार तास लागतात, म्हणजे जाण्यायेण्यातच दिवसाचे नऊ तास संपतात. आम्ही पहाटे पाचला निघालो आणि रात्री नऊच्या सुमारास परतलो. या घळीचे अप्पर आणि लोअर असे दोन वेगळे भाग आहेत; सोळा तासांपैकी लोअर अँटिलोपमध्ये आम्ही सव्वा तास होतो. कोलोरॅडो नदी जिथे सुमारे ३०० मीटर खोल कड्याखाली घोड्याच्या नालेसारखे वळण घेते, त्या हॉर्सशू बेंडला पन्नास मिनिटे मिळाली. वाहनतळापासून तो कडा सुमारे एक किलोमीटरवर आहे, आणि आम्ही तिथे पोहोचलो ते दुपारी अडीच वाजता. आई अर्ध्या वाटेवरूनच मागे फिरली. सांगलीहून इतक्या लांब येऊन तिने ते वळण पाहिले नाही, याची खंत मला अजून आहे.

माझा दुसरा आक्षेप माहितीबद्दल आहे. सहल कंपनीने 'सोपी चाल' असे लिहिले होते. प्रत्यक्षात लोअर अँटिलोपमध्ये उभ्या लोखंडी जिन्यांवरून खाली उतरावे लागते, काही ठिकाणी तर अंग तिरके करून पुढे सरकावे लागते, हे आम्हाला दारात पोहोचल्यावर समजले. बाबांचे गुडघे दुखरे आहेत. ते उतरले, पण घळीतला निम्मा वेळ त्यांची नजर भिंतींऐवजी पायांखालच्या पायऱ्यांवर होती. मागून पुढचा गट येत असल्यामुळे थांबण्याची सोय नव्हती. वाळूच्या प्राचीन टेकड्यांचा दगड झाला, त्या दगडाच्या भेगांतून पावसाचे लोंढे वाळूसकट घुसत राहिले आणि त्यांनी या भिंती पदराच्या चुण्यांसारख्या घासून काढल्या. हे असे काही पाहायला माणसाला उसंत हवी. ती उसंत एका दिवसाच्या सहलीत मिळत नाही, असे माझे ठाम म्हणणे आहे.

फिनिक्सकर

आपल्या आईंना ते वळण पाहता आले नाही याचे मलाही वाईट वाटले, परंतु आपल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. आपली तक्रार खरे तर चुकीच्या माहितीबद्दल, चुकीच्या महिन्याबद्दल आणि चुकीच्या घळीबद्दल आहे; बसचा त्यात दोष दिसत नाही. अप्पर अँटिलोप जमिनीच्या पातळीवर आहे, आत शिरताना जिना उतरावा लागत नाही. आपण त्याच बसने ऑक्टोबरच्या मध्यावर अप्परला गेला असता, तर हा धागा कदाचित निघालाच नसता.

मी याच्या उलट केले होते. फिनिक्सहून पेजही साधारण तेवढेच लांब आहे. सासू-सासरे आले असताना मी स्वतः गाडी चालवत गेलो आणि सुटी उरली नव्हती म्हणून त्याच दिवशी परत निघालो. भारतातून आलेले पाहुणे इथे सहसा गाडी चालवत नाहीत, पत्नीला रात्री चालवण्याची सवय नाही, त्यामुळे नऊ तास चाक माझ्याच हातात होते. परतताना वाटेवरच्या फ्लॅगस्टाफ शहराच्या अलीकडे काळोखात माझा डोळा लागला आणि गाडी रस्त्याच्या कडेच्या खरखरीत पट्ट्यावर गेली. त्या आवाजाने मी जागा झालो. मागच्या आसनावर दोन वृद्ध माणसे झोपली होती. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो की, मुक्काम करता येत असेल तर उत्तमच. पण करता येत नसेल तर स्वतः गाडी हाकण्यापेक्षा बसने जावे. वर्षाला दहा-पंधरा दिवस सुटी मिळणाऱ्या माणसाला 'दोन दिवस काढा' हे सांगणे सोपे आहे, त्या माणसाने ते करणे सोपे नाही.

गिरिभ्रमर (नाशिक)

बस की मुक्काम या वादापेक्षा मला मोठा प्रश्न वेगळाच वाटतो. त्या घळीत मार्गदर्शकाशिवाय पाऊल ठेवता येत नाही, ही सक्तीच मला पटत नाही. मी भंडारदऱ्याजवळची, साम्रद गावची सांदण दरी अनेकदा उतरलो आहे. काळ्या कातळाच्या दोन भिंतींमध्ये, गुडघाभर गार पाण्यातून चालताना जी शांतता मिळते, ती कोणी 'इथे उभे राहा, तिथे छायाचित्र काढा' असे सांगू लागले की संपते. दोन वर्षांपूर्वी मी मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो, तेव्हा अप्पर अँटिलोप पाहिली. आमच्या मार्गदर्शकाचे बोलणे गोड होते, परंतु त्याने आम्हाला घळीत एकदाही गप्प उभे राहू दिले नाही. पाठपिशवी नेता येत नाही, तिपाई नेता येत नाही, चित्रफीत काढता येत नाही. निसर्ग पाहायला आलेल्या प्रौढ माणसाला इतक्या बंधनांत का ठेवावे? शेजारच्या युटा राज्याच्या हद्दीत वायर पास आणि बकस्किन गल्च या अशाच अरुंद घळी आहेत, तिथे फक्त परवाना काढून स्वतःच्या जबाबदारीवर चालता येते. चालण्याची सवय असलेल्यांनी तिकडे जावे, असे मी सुचवेन.

फ्लॅगस्टाफची विद्यार्थिनी

काका, आपल्या अनुभवाचा आदर राखून दोन गोष्टी सांगते, कारण त्यांच्यावाचून ही चर्चा अपुरी राहील.

पहिली गोष्ट जमिनीच्या मालकीची. वायर पास ही केंद्र सरकारच्या ताब्यातील सार्वजनिक जमीन आहे. अँटिलोप कॅन्यन नवाहो राष्ट्राच्या, म्हणजे नवाहो या मूळनिवासी लोकांच्या प्रदेशाच्या हद्दीत आहे. हा प्रदेश सुमारे ७०,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास पाव भागाएवढा आहे आणि त्याचे स्वतःचे शासन आहे. हे लोक स्वतःला 'दिने' म्हणतात. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांना त्यांच्या भूमीतून शेकडो किलोमीटर पायी हाकलून नेले आणि १८६८ च्या करारानंतर ते परत आले. अप्पर अँटिलोपचे त्यांच्या भाषेतील नाव 'त्से बिघानिलिनी' असे आहे; 'जिथे पाणी खडकांतून वाहते ती जागा' असा त्याचा अर्थ होतो. आपण दुसऱ्याच्या घरी जातो तेव्हा कोणत्या खोलीत कोणासोबत जायचे हे घरमालक ठरवतो. इथेही तसेच आहे.

आणि हे घर श्रीमंताचे नाही. पेजजवळचे नवाहो जनरेटिंग स्टेशन हे कोळशावर चालणारे वीज केंद्र नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाले, त्यावर आणि त्याच्या खाणीवर अवलंबून असलेल्या नोकऱ्या गेल्या. लगेच पुढच्या वर्षी करोनाची साथ आली आणि घळही बंद झाली. ती जुलै २०२१ मध्ये उघडली. शेजारी लेक पॉवेलसारखा प्रचंड जलाशय असताना नवाहो प्रदेशातील कितीतरी घरांत आजही नळाचे पाणी नाही, लोक टाक्या भरून गाड्यांतून पाणी आणतात. घळ दाखवणारे व्यवसाय नवाहो कुटुंबांचे आहेत. मार्गदर्शकाची सक्ती काढली तर या कुटुंबांची मिळकत जाईल.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटिलोपमध्ये अचानक लोंढा आला आणि ११ पर्यटक मृत्युमुखी पडले. पाऊस घळीवर जवळपास पडलाच नव्हता. तो काही मैल वरच्या बाजूला पडला होता. वर निळे आकाश दिसत असताना खालून पाणी येऊ शकते, हे परक्या माणसाला कळत नाही.

गिरिभ्रमर (नाशिक)

जमिनीच्या मालकीचा मुद्दा मला मान्य आहे आणि त्याबाबत मी माझे शब्द मागे घेतो. यजमानाचा नियम पाळलाच पाहिजे. सुरक्षेचा मुद्दा मात्र जसाच्या तसा मान्य करता येत नाही. १९९७ च्या त्या दुर्घटनेत एका गटासोबत मार्गदर्शक होता, आणि त्या लोंढ्यातून वाचलेला तो एकटाच होता, असे मी वाचले आहे. म्हणजे मार्गदर्शक असूनही माणसे गेली. 'सोबत कोणीतरी आहे' या भरवशावर माणूस स्वतः आकाश पाहणे सोडून देतो, हा धोका आम्ही सह्याद्रीत दर पावसाळ्यात पाहतो. मोठ्या गटातला प्रत्येक जण पुढच्याच्या पाठीकडे बघत चालतो.

फ्लॅगस्टाफची विद्यार्थिनी

आपण म्हणता ते खरे आहे आणि महत्त्वाचेही आहे. तो मार्गदर्शक बाहेरच्या सहल कंपनीचा होता, पण केवळ तेवढ्यावर मी उत्तर देणार नाही. नुसता एक मार्गदर्शक सोबत असल्याने कोणी वाचत नाही, हे त्या दिवशी दिसलेच. त्यानंतर बदलली ती सगळी व्यवस्था: तेव्हाचे लाकडी जिने लोंढ्यात वाहून गेले, आता खडकात बोल्टने पक्के केलेले लोखंडी जिने आहेत, प्रवेशद्वारी हवामान खात्याचा रेडिओ सतत चालू असतो, इशाऱ्याचा भोंगा आहे, आणि वरच्या बाजूला पावसाची चिन्हे दिसली की सहली रद्द होतात. तरीही २०१० च्या जुलैत अप्परमध्ये काही पर्यटक पाण्यामुळे अडकले होते. त्यामुळे धोका संपला असे कोणीच म्हणू नये. पण बकस्किन गल्चमध्ये तर यांपैकी काहीच नाही. मैलोन्‌मैल दोन्ही बाजूंना सरळ भिंती आहेत आणि वर चढून जायला जागा फार थोड्या आहेत. जुलै ते सप्टेंबर या वळवाच्या पावसाच्या काळात तिथे जाण्याचा सल्ला कृपया कोणाला देऊ नये.

सेवानिवृत्त, पुणे

ज्यांच्यासाठी ही चर्चा चालली आहे त्या आई-वडिलांपैकी मी एक आहे, म्हणून लिहितो. मुलीने आम्हा दोघांना वेगसहून बसने पाठवले होते. तिला रजा नव्हती, ती सोबत आली नाही. धागाकर्तींच्या मते त्या सोळा तासांतले नऊ तास वाया जातात. आमचे गेले नाहीत. व्हर्जिन नदीने कोरलेल्या खिंडीतून महामार्ग वळणे घेत जातो तेव्हा पहाटेचे ऊन वरच्या कड्यांवर आले होते, आणि पत्नीने माझा दंड धरून मला खिडकीकडे वळवले. नंतर युटातील कनाब गावाच्या बाजूला जमीन तांबडी होत गेली. त्या प्रवासात आम्हाला कोणाला रस्ता विचारावा लागला नाही, जावयाच्या झोपेची काळजी करावी लागली नाही, आणि आमच्यासाठी मुलीची सुटी गेली नाही. या शेवटच्या गोष्टीचे मोल मुलांना कळत नाही. परदेशात मुलांच्या गाडीत मागच्या आसनावर बसून राहण्यात एक अवघडलेपण असते. त्या दिवशी आम्ही दोघे आपले आपण फिरलो.

तक्रार एकच. स्वच्छतागृहासाठी बस दोनदाच थांबली. माझ्या वयाच्या पुरुषांना हा प्रश्न संकोचाचा वाटला तरी आरक्षण करण्यापूर्वी मुलांनी तो आवर्जून विचारावा. घळीच्या आत अशी कोणतीही सोय नसते.

धागाकर्ती (सॅन होजे)

काका, आपला प्रतिसाद वाचल्यावर मी काल रात्री सांगलीला फोन केला आणि बाबांना थेट विचारले की, ती सहल त्यांना कशी वाटली होती. इतके दिवस मी हा प्रश्न त्यांना विचारलाच नव्हता. त्यांच्या थकलेल्या चेहऱ्यावरून मीच उत्तर ठरवून टाकले होते. ते म्हणाले की जिने उतरताना भीती वाटली, पण मार्गदर्शक मुलगी प्रत्येक जिन्याखाली हात पुढे करून उभी राहत होती, आणि एके ठिकाणी तिने त्यांचा तळवा भिंतीवर ठेवून वाळूचे थर कोणत्या वाऱ्याने कसे तिरपे पडले ते समजावले. तो थर त्यांना अजून आठवतो. मी तेव्हा मागे छायाचित्रे काढत होते, मला हे दिसलेही नाही. आईचे उत्तर वेगळे होते. तिला पुन्हा जायचे आहे, आणि हॉर्सशू बेंड संध्याकाळी पाहायचे आहे.

म्हणून माझे मत मी अंशतः बदलते. बसने जाऊच नये, हे माझे विधान चुकीचे होते. परंतु जून ते ऑगस्ट या काळात, दुपारी हॉर्सशू बेंडला नेणाऱ्या एकदिवसीय सहलीने साठीच्या पुढच्या कोणालाही नेऊ नये, यावर मी ठाम आहे. आणि सहल कंपन्यांनी अप्पर की लोअर, किती जिने, किती चाल, किती थांबे हे आरक्षणाच्या पानावरच लिहावे, ही मागणीही कायम आहे. आई-बाबा पुढच्या ऑक्टोबरात येत आहेत. या वेळी पेजला एक मुक्काम, सकाळी अप्पर आणि सूर्यास्ताला हॉर्सशू बेंड, असे ठरवले आहे.

फिनिक्सकर

ही आखणी उत्तम आहे. फक्त घड्याळाची काळजी घ्यावी. ॲरिझोना राज्य उन्हाळी वेळ (घड्याळ एक तास पुढे करण्याची पद्धत) पाळत नाही, नवाहो राष्ट्र पाळते, आणि पेज या दोन्हींच्या सीमेवर असल्यामुळे ऑक्टोबरात तिथे फोनचे घड्याळ अचानक एक तास पुढे जाते. घळीच्या सहली ॲरिझोनाच्या वेळेनुसार सुटतात. फोनवरील स्वयंचलित वेळ बंद करून ठेवावी, किंवा बाबांना मनगटी घड्याळ बांधायला सांगावे.