केआ पोपटाला शेंगदाणे दिले तर चालतील का?

रानवाटा: डिसेंबरात न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चहून गाडीने डोंगरातल्या आर्थर्स पासला जातोय. तिथे केआ अगदी गाडीपाशी येतात म्हणे. मुलं शेंगदाणे न्यायचे म्हणून हटून बसली आहेत. दिले तर चालेल ना? आणि तो ओळखायचा कसा?

दक्षिणवारा: कृपा करून काहीही देऊ नका. मी ख्राइस्टचर्चलाच राहते, आर्थर्स पासला नेहमी जाणं होतं. खाण्याच्या आशेने केआ रस्त्यावर रेंगाळतात आणि चाकाखाली येतात. शिवाय माणसाची प्रत्येक वस्तू चावून बघायची सवय लागते. डोंगरातल्या जुन्या झोपड्यांच्या छपरांना शिशाचे खिळे असतात. शिसं गोडसर लागतं, म्हणून ते चघळत बसतात आणि विषबाधेने मरतात.

ओळखायला सोपा आहे. आपल्या राघूसारखा सडपातळ नाही. 48 सेंटीमीटर लांब, वजन किलोच्या आसपास, रंग शेवाळी हिरवा. उडाला की पंखांखालचा भगवा रंग असा काही झळकतो, की बघतच राहावं. मागच्या खेपेला एक आमच्या टपावर उतरला आणि काचेभोवतीचं रबर चोचीने सोलू लागला. डोळ्यांभोवती पिवळी कडी होती, म्हणजे वयाने लहान. मध्येच थांबून मान तिरकी करून माझ्याकडे बघायचा, की पुन्हा सुरू!

घाटमाथा: हा मेंढ्या मारतो ना?

दक्षिणवारा: काही केआ मेंढीच्या पाठीवर बसून चरबी टोचतात, हे खरं आहे. पण त्यापायी सगळ्या जातीवर सूड उगवला गेला. सरकारी बक्षीस होतं. शंभरेक वर्षांत सुमारे दीड लाख मारले. पूर्ण संरक्षण मिळालं ते थेट 1986 मध्ये. आज रानात 3,000 ते 7,000 उरलेत, तेही फक्त दक्षिण बेटावर. घरटं जमिनीवर, खडकांच्या कपारीत. सशांच्या बंदोबस्तासाठी बाहेरून आणलेला स्टोट (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी) तिथे शिरून अंडी, पिल्लं, कधी बसलेली मादीही मारतो. मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते.

रानवाटा: शेंगदाणे रद्द. मुलांना आजच सांगते.

दक्षिणवारा: फार बरं वाटलं. काचा बंद ठेवा, बूट बाहेर सोडू नका, निघताना गाडीखाली वाकून बघा. एखाद्याच्या पायात रंगीत कडं दिसलं तर मुलांना रंग आणि अक्षर वहीत टिपायला सांगा. इथे त्याची नोंद ठेवतात.