बर्न वॉर्डची ड्युटी करून घरी गॅस पेटवायची भीती वाटते, कुणाला असं झालंय का?

रात्रपाळी_सिस्टर:
सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, चार वर्षं बर्न वॉर्डला. ड्रेसिंग, वास, कशाचा त्रास नाही, सवय झालीय. पण दोन महिन्यांपूर्वी साठ टक्के भाजलेल्या एका बाईचा जबाब चालू होता, मी बाजूलाच सलाईन लावत होते, सगळं कानावर पडलं आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. रात्री तीन-तीनदा उठून रेग्युलेटर बंद आहे ना बघते. मिस्टर म्हणतात, तुला थोडंच काही झालंय. आधी नातेवाइकांना मीच धीर द्यायचे, 'होईल बरं' म्हणायचे, आता खोटं बोलतेय असं वाटतं, शब्दच फुटत नाही. मी कमी पडतेय का?

आयसीयू_ब्रदर:
अजिबात नाही ताई. कोविडमध्ये पेशंटच्या तोंडासमोर फोन धरून घरच्यांशी व्हिडिओ कॉल लावून द्यायचो, नंतर कितीतरी दिवस माझ्या फोनची रिंग वाजली तरी छातीत धडधडायचं.

समुपदेशक_पुणे:
सिस्टर, याला सेकंडरी ट्रॉमॅटिक स्ट्रेस म्हणतात, दुसऱ्यावर गुदरलेलं बघून-ऐकून आपल्याला होणारा त्रास. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेत तर कामाचा भाग म्हणून असे तपशील पुन्हा पुन्हा कानावर पडणं हेही पीटीएसडीच्या (आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासाच्या) कारणांत धरलंय, मिस्टरांना हे जरूर सांगा. बर्नआउट वेगळं, ते कामाच्या ओझ्याने हळूहळू साचतं, हे एखाद्या जबाबानेही अचानक येऊ शकतं. दोन महिने झोप मोडतेय म्हणजे मानसोपचार ओपीडीत दाखवाच. स्वतःच्याच हॉस्पिटलात संकोच वाटत असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही चालू असतं.

निवृत्त_इन्चार्ज:
अगं बाळा, वॉर्डात आपल्याला माणूस त्याच्या सगळ्यात वाईट दिवसांत दिसतो, जरा बरा झाला की डिस्चार्ज, पुढचं कुठे बघायला मिळतं? म्हणून मी अधूनमधून फॉलोअपच्या ओपीडीत जाऊन उभी राहायचे. एकदा एक बाई आली, आमच्याकडे असताना तिची बोटं वाकत नव्हती, तिने प्रेशर गारमेंट (भाजल्याचे व्रण दबावेत म्हणून घालायचा घट्ट कपडा) काढून माझ्यासमोर हातात बांगडी चढवून दाखवली, स्वतःची स्वतः. माझा धीर असा तिकडून यायचा. आणि सरसकट 'होईल बरं' म्हणायचं मी सोडलंच होतं, 'आजची रात्र मी इथेच आहे' एवढंच सांगायचे, ते खरं असायचं ना. जबाबाच्या वेळी तुझं काम नसेल तर बाहेर येत जा, तिथे डॉक्टर असतात.

रात्रपाळी_सिस्टर:
वाचता वाचता रडू आलं. १४४१६ ला आज लावते. मॅडम, ओपीडीला ड्युटीतच जायचात की ऑफच्या दिवशी? आमच्याकडे मंगळवारी असते.